फिटची वाट पाहताना

ढाणकीत मिरगी कुणाला आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. मिरगीवर ऑपरेशन असतं, हे मात्र फार थोड्यांना. माझ्या धाकट्या भावाचं ते झालं, त्याला आता काही वर्षं उलटली. तो काळ आठवू लागलो की ऑपरेशनचा दिवस चटकन सरतो. मन अडतं ते आधीच्या वाया गेलेल्या वर्षांवर आणि नंतरच्या लांबलेल्या महिन्यांवर.

लहानपणी तापात त्याला लांबलेले झटके आले होते. पुढे बरीच वर्षं काही नाही. शाळा संपता संपता नवंच सुरू झालं. पोटातून काहीतरी वर चढतंय, असं म्हणायचा आणि नजर थिजायची. ओठ चाटल्यासारखे हलायचे, डावा हात शर्टाचं एकच बटण चाचपत राहायचा, उजवा ताठ होऊन वाकडा व्हायचा. मिनिटभराने भानावर आला तरी आपण कुठे आहोत हे उमगायला वेळ लागायचा. कुणी बाहेरचं म्हणालं, कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी चप्पल. तो फेस येऊन पडायला लागला तेव्हा कुठे रोगाला नाव मिळालं. आमचा जिल्हा यवतमाळ, पण मोठा दवाखाना म्हणजे नांदेडच. तेच जवळ पडतं. एक गोळी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. डोस वाढला तसा तो दिवसाही पेंगू लागला. विहिरीवर एकटं जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, गाडी चालवायची नाही. तरण्या पोराचं जगणं अंगणाएवढं झालं.

औषधं बदलत राहण्याला एक मर्यादा आहे, हे वैद्यकाला तेव्हा माहीत होतं. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही झटके थांबत नसतील, तर तो आजार औषधांना दाद न देणारा समजावा, अशी व्याख्या अपस्माराच्या, म्हणजे मिरगीच्या, आंतरराष्ट्रीय संघटनेने 2010 मध्येच ठरवून दिली होती. अशा रुग्णाला तेव्हाच मोठ्या केंद्रात पाठवायला हवं. शस्त्रक्रिया तर त्याहून कितीतरी जुनी. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्लींनी 1886 मध्ये ती केली. माँट्रियलला पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. जेकब चांडींनी 1952 मध्ये वेल्लोरला केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने 1995 पासून हे काम नियमित चालू आहे. एवढं सगळं देशात असताना आमच्या घरात ‘ऑपरेशन’ हा शब्द यायला कितीतरी वर्षं लागली, याचं दुःख मला आजही आहे.

तो शब्द शेवटी उच्चारला एका तरुण डॉक्टरने. त्याने एमआरआय नव्याने, अपस्मारासाठी घेतात तशा पद्धतीने करून घेतला. डाव्या कानशिलामागच्या भागात, आत, आठवणींशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस आक्रसून कडक झाला होता. लहानपणच्या त्या लांबलेल्या झटक्यांशी याचा संबंध असू शकतो, असं तो म्हणाला. तिरुवनंतपुरमला जायला आम्ही नागपूरहून केरळ एक्स्प्रेस धरली.

तिथली खरी कसोटी म्हणजे व्हिडिओ ईईजी. डोक्यावर जागोजागी वायर चिकटवल्या, वर पट्टी बांधली, समोर कॅमेरा लावला आणि गोळ्या हळूहळू कमी केल्या. फिट यावी म्हणून! झटका कुठून उठतो हे तो उठल्याशिवाय कळत नाही. जवळच्या माणसाच्या हातात एक बटण असतं, झटका सुरू झाला की दाबायचं. ते माय घेऊन बसली. ‘आज नको येऊ दे’ म्हणून जिने वर्षानुवर्षं देवाला हात जोडले, ती आता बटणावर अंगठा ठेवून पोराच्या चेहऱ्याकडे टक लावून होती. रात्री मी म्हटलं, थोडी पड, मी बसतो. ‘नाही रे, तुला कळणार नाही. मला आधी दिसते,’ ती म्हणाली. आणि खरंच, यंत्रावरच्या रेषा उसळल्या त्याच सुमाराला तिचा अंगठा दाबला गेला होता. तो ताठ होणारा उजवा हात डॉक्टरांनी व्हिडिओत पुन्हा पुन्हा पाहिला. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. एमआरआयने दाखवलेल्या जागेशी ते जुळत होतं.

मग स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या: शब्दांच्या याद्या, गोष्ट ऐकून पुन्हा सांगणं, आकृत्या काढणं. न्यूरॉलॉजिस्ट, सर्जन, रेडिऑलॉजिस्ट, मानसतज्ज्ञ सगळ्यांनी एकत्र बसून ठरवल्यावरच होकार मिळाला. धोकेही स्पष्ट सांगितले: डावी बाजू म्हणजे शब्द आणि आठवणी थोड्या उणावू शकतात, नजरेचा वरचा एक कोपरा जाऊ शकतो, क्वचित याहून गंभीर काही. आकडेही ऐकवले. 2001 मध्ये कॅनडात याच भागाच्या अपस्मारावर झालेल्या चाचणीत वर्षभराने शुद्ध हरपवणाऱ्या झटक्यांतून शस्त्रक्रियेने 58 टक्के मोकळे झाले, नुसत्या औषधांनी 8 टक्के. दिल्लीच्या एम्सने मुलांवर केलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच आकडे 77 आणि 7 होते. भाऊ म्हणाला, ‘करून टाकू.’ कापूस वेचून झाल्यावरची तारीख मिळाली.

ऑपरेशन सुरळीत झालं. पण बरं होणं सावकाश असतं, याची तयारी घरच्यांनी करायला हवी. डावा डोळा सुजून मिटला. चावायचा स्नायू कापून पुन्हा शिवलेला, म्हणून तोंड दोन बोटंही उघडेना. कित्येक दिवस वरणात कुस्करलेली भाकरीच चालली. जरा बोललं तरी दमायचा, झोपायचा. शब्द सटकायचे. विळा समोर असताना ‘ते, कापायचं’ म्हणायचा आणि स्वतःवर चिडायचा. एकदा कारण नसताना ढसाढसा रडला. अशा ऑपरेशननंतर काही महिने मन खचू शकतं, तेव्हाही डॉक्टरांशी बोलायचं असतं. गोळी तर एकही चुकवायची नव्हती. ऑपरेशन झालं म्हणजे औषध सुटलं, हा गावात सगळ्यात पक्का गैरसमज.

झटके थांबले आणि वेगळाच पेच उभा राहिला. आता तू धडधाकट, मग काम कर, कमव, लग्न कर, असं सगळे म्हणू लागले. मायला मात्र त्याला विहिरीकडे जाऊ द्यायचा धीर होईना. तो तिच्यावर ओरडायचा. आजारीपणाची सवय पेशंटला लागते तशी घरालाही, आणि दोघांनाही ती मोडायला वेळ द्यावा लागतो. लग्नाचं बोलायचं तर, हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख विवाहातला अडसर म्हणून होता. तो 1999 मध्ये काढला गेला. लोकांच्या मनातून तो अजून जायचाय. पुण्याच्या यशोदा वाकणकरांचा मला म्हणूनच फार आधार वाटतो. अनिल अवचटांची ही मुलगी स्वतः अपस्मार आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेतून गेली आणि ‘संवेदना’ हा मदतगट उभा केला. अपस्मार असणाऱ्यांची लग्नं जुळवण्याचं कामही तिथे होतं, काहीही न लपवता.

भावाची एक गोळी बंद झाली आहे, दुसरी उतरत्या डोसवर आहे. शब्द बरेचसे परतले. नवी नावं मात्र तो वहीत लिहून ठेवतो. आसपासच्या गावांतून कुणी विचारायला आलं की मी पहिल्यांदा सांगतो, पुढच्या झटक्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. तारखा लिहा, आतापर्यंतच्या गोळ्यांची नावं आणि डोस लिहा, जुने एमआरआय टाकून देऊ नका. आणि दुसऱ्या गोळीनेही थांबलं नाही, तर तिसरीवर वर्षं घालवण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘ऑपरेशन होण्यासारखं आहे का?’