एलएमएस निवडताना: कसोटी सर्वांत साध्या मोबाइलची

कॉलेजच्या सभागृहात पडदा लावलेला असतो. कंपनीचा प्रतिनिधी सफाईने एकेक पान उघडून दाखवतो: हजेरी, गृहपाठ, परीक्षा, गुणपत्रक, पालकांना संदेश, रंगीत आलेख. समितीतले प्राध्यापक माना डोलावतात. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये नळाला पाणी येते का, हे कोणी विचारत नाही, डेमोचेही तसेच. तिथे इंटरनेट वेगवान असते, लॅपटॉप नवा असतो आणि खोटे विद्यार्थी वेळेवर गृहपाठ देतात. खऱ्या वर्गात यातले काहीच नसते. म्हणून लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, अर्थात एलएमएस, पारखायची तर ती वर्गातल्या सर्वांत साध्या फोनवर आणि सर्वांत अडखळत्या नेटवर्कवर पारखावी.

ही प्रणाली आली कुठून?

संगणकावरून शिकवण्याचा प्रयोग जुना आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही यंत्रणा सुरू केली. वेबवरच्या प्रणाली आल्या नव्वदच्या दशकात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून ‘वेबसीटी’ निघाली, तर १९९७ मध्ये अमेरिकेत ‘ब्लॅकबोर्ड’ कंपनी स्थापन झाली.

आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘मूडल’चे जनक मार्टिन डूगियामास यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले. तिथे शाळा रेडिओवरून भरायची. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात वेबसीटी सांभाळताना त्या बंदिस्त प्रणालीला कंटाळून त्यांनी स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. २००२ च्या ऑगस्टमध्ये मूडलची पहिली आवृत्ती आली, तीही मुक्त परवान्याखाली. म्हणजे कोणीही ती फुकट उतरवून घ्यावी, हवी तशी बदलावी. त्यानंतर ‘कॅनव्हास’, २०१४ मध्ये ‘गूगल क्लासरूम’ आणि मोठ्या खुल्या अभ्यासक्रमांसाठी ‘ओपन एडएक्स’ अशी रांग लागली.

आपल्याकडे २०१७ हे वर्ष महत्त्वाचे. जुलैत ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सरकारी व्यासपीठ आणि सप्टेंबरात शिक्षकदिनी शालेय धड्यांचे ‘दीक्षा’ सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकांत ‘दीक्षा’वरचे धडे उघडणारे क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हाच प्रयोग आधी केला होता. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. २०२१ पासून तर यूजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थ्याला ‘स्वयम्’वरून पूर्ण करता येतात. ऑनलाइन शिक्षणाचे गुण आता खऱ्या गुणपत्रिकेत उतरतात. त्यामुळे प्रणालीतली खोट ही नुसती गैरसोय राहिलेली नाही. तिची किंमत विद्यार्थी मोजतो.

पहिली कसोटी: नेटवर्क गेले तर?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतात जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक होता. स्मार्टफोन मात्र झपाट्याने पोहोचले. ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी दोनतृतीयांशांहून अधिकांच्या घरी स्मार्टफोन होता. पण फोन घरात असणे वेगळे आणि हातात असणे वेगळे. अशा घरांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता आणि जवळपास निम्म्यांना तो अधूनमधूनच मिळत होता. बाबा कामावरून आले की फोन मिळणार, तोही भावंडांत वाटून.

तेव्हा पहिला प्रश्न असा: धडा एकदा उतरवून घेतला की पुढे इंटरनेटशिवाय चालतो का? मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये बराचसा मजकूर असा उतरवून घेता येतो. ‘कोलिब्री’ ही मुक्त प्रणाली तर मुळात इंटरनेट नसलेल्या शाळांसाठीच बांधलेली आहे. वर्गातला एक छोटा संगणक सर्व्हर होतो आणि मुलांचे टॅब त्याला जोडले जातात. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने छोटे दृक्श्राव्य धडे केले, मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन दिले आणि ते इंटरनेटविना चालतील याचीही सोय ठेवली.

डेटाचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. ४५ मिनिटांचे व्याख्यान सेकंदाला एक मेगाबिट या दराने पाहिले तर सुमारे ३४० एमबी जातात. तेच व्याख्यान नुसत्या आवाजात, सेकंदाला ३२ किलोबिट दराने ऐकले तर ११ एमबींत भागते. दिवसात असे चार तास झाले तर रोजच्या एक-दीड जीबीच्या पॅकचे काय होईल? प्रणालीत शिक्षकाला केवळ आवाज आणि सोबत स्लाइड देण्याची सोपी सोय आहे का, हे म्हणून विचारायचे.

परीक्षा ही तर अग्निपरीक्षाच. वेळ लावलेली चाचणी सुरू आहे, पंधरावा प्रश्न सोडवताना फोन आला किंवा रेंज गेली. आधीची चौदा उत्तरे राहिली की गेली? मूडल ठरावीक अंतराने उत्तरे आपोआप साठवते. पण वेळ संपल्यावर काय करायचे, यासाठी तिथे तीन पर्याय असतात: उत्तरे आपोआप जमा करावीत, जमा करण्यासाठी थोडी वाढीव मुदत द्यावी, किंवा मुदतीत जमा न केलेला प्रयत्न धरूच नये. शेवटचा पर्याय नकळत निवडला गेला तर चौदा बरोबर उत्तरांचे गुण शून्य. सॉफ्टवेअर तेच, फरक एका सेटिंगचा. म्हणून मूल्यमापनात वैशिष्ट्यांची यादी वाचण्याऐवजी दोघांनी बसून चाचणीच्या मध्येच फोन मुद्दाम फ्लाइट मोडवर टाकावा आणि पुढे काय होते ते पाहावे.

दुसरी कसोटी: मराठी

‘मराठीत उपलब्ध’ एवढे लिहिलेले पुरत नाही. मेनू मराठीत असतो आणि चूक झाल्याचा संदेश इंग्रजीत येतो, असेही होते. खरी मेख उत्तर तपासण्यात आहे. रिकाम्या जागेचे उत्तर ‘दऱ्या’ असे असेल, तर ते संगणकावर किमान दोन प्रकारे लिहिता येते: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलेले असते, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दऱ्या आणि दर्‍या, डोळ्यांना दोन्ही सारखेच. अक्षराला अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि बरोबर उत्तरावर फुली पडते. तसेच ४२ हा आकडा देवनागरीत लिहिला तर गणिताची चाचणी तो स्वीकारते का, नाव मराठीत असलेला विद्यार्थी शोधात सापडतो का, मराठी नावाची फाइल उघडते का, हेही पाहावे. हे तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. मराठीचा एक चिकित्सक शिक्षक पुरतो.

तिसरी कसोटी: शिक्षकाचा वेळ

२०२० च्या टाळेबंदीत असंख्य शाळांची एलएमएस म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. त्याला हसण्याचे कारण नाही. तो हलका होता, सगळ्यांना येत होता, शिकवावा लागत नव्हता. त्याच्या उणिवाही उघड होत्या: गृहपाठ ‘सुप्रभात’च्या गर्दीत हरवायचा, मुलींचे फोन नंबर सर्वांना दिसायचे, तपासलेल्या वह्यांची नोंद राहायची नाही. नवी प्रणाली या उणिवा दूर करत असेल, पण शिक्षकाचे काम दुपटीने वाढवत असेल, तर महिन्याभरात सगळे पुन्हा ग्रुपवर येतात.

म्हणून उत्साही शिक्षकाबरोबर एखाद्या नाखूश शिक्षकालाही चाचणीत घ्यावे. साठ वह्यांचे फोटो तपासून गुण भरणे, मागच्या वर्षीचा अभ्यासक्रम नव्या तुकडीला लावणे, आजारी मुलाला मुदत वाढवून देणे अशी ठरलेली कामे दोघांना द्यावीत आणि किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे. शेवटी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ‘सिस्टीम युझेबिलिटी स्केल’ ही दहा विधानांची प्रश्नावली भरून घ्यावी. ती शंभरपैकी अंक देते. ६८ च्या आसपासचा अंक सर्वसाधारण मानतात.

चौथी कसोटी: बाहेर पडण्याची वाट

२००६ मध्ये ब्लॅकबोर्डने वेबसीटी आपल्यात विलीन करून घेतली आणि कालांतराने तिच्या वापरकर्त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले. शिक्षकांत लोकप्रिय असलेले ‘एडमोडो’ सप्टेंबर २०२२ मध्ये बंदच झाले. म्हणून करार करण्याआधीच विचारावे की धडे, प्रश्नसंच आणि गुण बाहेर काढता येतात का, आणि कोणत्या स्वरूपात. ‘स्कॉर्म’सारखे प्रमाण पाळणारे धडे एका प्रणालीतून दुसरीत नेता येतात, ‘एलटीआय’मुळे बाहेरची साधने आत जोडता येतात. नुसते ‘हो’ ऐकून थांबू नये, एक धडा प्रत्यक्ष नेऊन दाखवायला सांगावे.

मुलांच्या माहितीचा प्रश्नही इथेच येतो. ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ मध्ये ४९ देशांतली दीडशेहून अधिक शैक्षणिक उत्पादने तपासली. त्यांतल्या दहांपैकी जवळपास नऊ उत्पादनांची माहिती हाताळण्याची रीत मुलांच्या हक्कांना बाधक ठरू शकणारी आढळली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, काही अपवाद सोडता, १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट आहे. ॲप लोकेशन किंवा संपर्कयादी मागत असेल, तर धड्याशी त्याचा संबंध काय, हे विचारण्याचा शाळेला पूर्ण हक्क आहे.

गुण कसे द्यावेत?

बहुतेक समित्या शंभर गुणांचा तक्ता करतात. त्यात एक धोका असतो: देखण्या आलेखांचे गुण नेटवर्कच्या कसोटीतले अपयश झाकून टाकतात. म्हणून आधी बाद करणाऱ्या अटी ठरवाव्यात: साध्या फोनवर न चालणारी, चाचणीतली उत्तरे हरवणारी, माहिती परत न देणारी प्रणाली तिथल्या तिथे बाद. उरलेल्यांची तुलना मग सोय, किंमत आणि मदत यांवर. किंमत धरताना मुक्त प्रणालीही फुकट पडत नाही, हे ध्यानात ठेवावे. सर्व्हर, बॅकअप, सुरक्षा दुरुस्त्या आणि सांभाळणारा माणूस यांचा खर्च असतोच.

आणि एक उत्तर समितीने आधीपासून मोकळे ठेवावे: ‘नको’. तीस मुलांच्या, रोज समोरासमोर भरणाऱ्या वर्गाला कदाचित कोणतीच प्रणाली लागणार नाही. तिथे तेच पैसे वाचनालयात किंवा प्रयोगशाळेत घालणे, हाही मूल्यमापनाचाच निष्कर्ष आहे.