पेरेरा कोणत्या धर्माचा?

शेजारची माणसं : लेखांक ४

श्रीलंकेत माणसाचा जिल्हा आणि घरात बोलली जाणारी भाषा कळली, की धर्म बहुतेक वेळा विचारावा लागत नाही. हंबनटोट्याचा सिंहली बौद्ध, जाफन्याचा तमिळ बहुधा शैव. नुवारा एलियाच्या चहामळ्यांतले तमिळही बहुतांशी हिंदूच. पण त्यांचे पूर्वज इंग्रजी अमदानीत मजुरीला आले, म्हणून जनगणनेत त्यांचा रकाना वेगळा. मुसलमानांचं आणखी निराळं. पूर्व किनाऱ्यावरच्या कात्तानकुडीत घरोघरी तमिळ बोलतात, पण स्वतःला तमिळ म्हणवत नाहीत. सरकारदरबारी त्यांची नोंद ‘मूर’. इथे धर्म हीच जमात. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेने उत्तर प्रांतातून मुसलमानांना हुसकावलं; जाफना शहरात तर दोन तासांत घरं सोडायला लावली. भाषा एक असून काही उपयोग झाला नाही.

आता थोडा हिशेब. २०१२ च्या जनगणनेत सिंहली सुमारे ७५ टक्के, बौद्ध ७०. बौद्ध जवळपास सगळे सिंहलीच. मग उरलेले पाच टक्के सिंहली कोण? त्यातले बहुतेक ख्रिस्ती, तेही मुख्यतः कॅथलिक. देशातल्या साडेसात टक्के ख्रिस्ती लोकांत सिंहली आहेत तसे तमिळही आहेत. मोठ्या धर्मांपैकी एवढा एकच या दोन्ही समाजांत असा वाटला गेला आहे.

कारण पश्चिम किनाऱ्यावर सापडतं. पोर्तुगीज आले आणि कोळीवाडेच्या कोळीवाडे बाटले. नेगोंबोच्या आसपासची कित्येक कोळी घरं काही पिढ्यांपूर्वी तमिळ बोलत. शाळा आणि चर्चचा व्यवहार सिंहलीत गेला तशी नातवंडं सिंहली झाली. भाषा पालटली, धर्म राहिला. हे सहसा उलटं होतं असं आपण धरून चालतो.

हा धर्म टिकवण्यात मोठा वाटा एका गोवेकराचा. डचांनी किनारा घेतल्यावर कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली. बाणावलीचा जोसेफ वाझ १६८७ मध्ये वेष पालटून जाफन्यात उतरला. तमिळ, सिंहली दोन्ही शिकला. कँडीत पोर्तुगीजांचा हेर म्हणून तुरुंगात पडला. पुढे तिथल्याच बौद्ध राजाने त्याला अभय दिलं. प्रॉटेस्टंट डचांपासून कॅथलिकांना आसरा बौद्ध दरबारात मिळावा, ही गोष्ट आजच्या राजकारण्यांना आठवत नसावी. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी वाझला संतपद दिलं.

आडनावावर मात्र विसंबू नये. पेरेरा, फर्नांडो, सिल्वा ही नावं बौद्ध घरांतही सर्रास आढळतात. बौद्ध पुनरुज्जीवनाचे अध्वर्यू अनागारिक धर्मपाल यांचं जन्मनाव डॉन डेव्हिड हेवावितारणे होतं.

पुढच्या आठवड्यात कतरगामला जाऊ. तिथे एकाच आवारात मुरुगनचं देऊळ, बौद्ध स्तूपाची वाट आणि मशीद आहे.