इंजिन उलगडताना – भाग ७ : तीन हेड, एक हाउसिंग

मागच्या भागात पोर्शे ९११च्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर बसवून झाले. क्रँककेसच्या दोन्ही अंगांना आता तीन-तीन सिलिंडर आहेत आणि प्रत्येकाभोवती चार लांब स्टड. यांवर हेड चढवायचे, हेडवर कॅम हाउसिंग, हाउसिंगमध्ये कॅमशाफ्ट. सांगायला सोपं आहे. पण संपूर्ण इंजिनबांधणीत मिस्त्रीचा संयम तपासणारी जागा हीच, असं माझं मत आहे.

आपल्याकडच्या मिस्त्रींचा हात ज्या गाड्यांवर बसला, त्यांत हा प्रश्न कधी आलाच नाही. पद्मिनीचा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. मारुती ८००चा वर, पण हेड एकच आणि कॅम त्याच एका कास्टिंगमध्ये फिरणारा. हेडचं फेसिंग नीट झालं की काम भागलं. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आलेल्या ९११ची गोष्ट निराळी. तिचं इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंख असलेलं अंग, आणि म्हणून प्रत्येकाचं हेडही स्वतंत्र. तापल्यावर ज्याने त्याने आपापलं फुगावं, शेजाऱ्याला ओढू नये, हा त्यामागचा हिशेब. १९९७मध्ये पाण्यावर थंड होणारं इंजिन येईपर्यंत पोर्शेने ९११मध्ये ही मांडणी सोडली नाही.

कॅमशाफ्ट मात्र बाजूला एकच लागतो. तो तीन हेडांवरून आरपार जातो, आणि त्याला सांभाळण्यासाठी तिन्ही हेडांवर एक लांब अॅल्युमिनियमचं हाउसिंग बसतं. त्यात बेअरिंगचे वेगळे शेल नाहीत. कॅमशाफ्ट थेट अॅल्युमिनियमच्या भोकांत, तेलाच्या पापुद्र्यावर फिरतो. भोक आणि कॅमशाफ्टचा जर्नल यांच्यात फट मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते.

आता नीट लक्ष द्या. कारखान्यातून येतं तेव्हा हाउसिंग सरळ असतं, त्याची सगळी भोकं एका रेषेत असतात. ते वाकडं होतं ते आपल्या पान्याने. तीन स्टुलांवर फळी ठेवली आणि मधलं स्टूल केसभर बुटकं असलं, तर फळी नुसती अधांतरी राहील. पण तीच फळी तिन्ही स्टुलांना नटांनी आवळली, तर ती वाकेल. हाउसिंग असंच वाकतं, आणि मग आतला कॅमशाफ्ट अडतो. म्हणजे ‘अलाइनमेंट’ हे हाउसिंगवर करायचं काम नाही. हेडांनी हाउसिंगच्या रेषेत यायला हवं. हाउसिंगला हेडांच्या मागे खेचलं की गडबड झालीच.

तपासणीची सुरुवात टेबलावर करायची. रिकाम्या हाउसिंगमध्ये तेल लावून कॅमशाफ्ट सरकवा. दोन बोटांनी तो मोकळा फिरला पाहिजे. इथेच अडत असेल, तर दोष हाउसिंगमध्ये किंवा कॅममध्ये आहे आणि पुढचे कष्ट वाया जाणार. हाउसिंग हातात आहेच, तर आतल्या तेलाच्या नळीची बारीक भोकंही साफ करून घ्या. कॅमच्या उंचवट्यांवर तेलाचा फवारा तिथूनच येतो. एखादं भोक बुजलेलं असेल तर ते इंजिन सुरू होताना कळत नाही. कळतं ते बऱ्याच दिवसांनी, कॅमचा उंचवटा खरवडल्यावर.

मग उंची. एका बाजूच्या तिन्ही सिलिंडरांची उंची सारखी हवी. पोर्शेच्या मूळ सिलिंडरांच्या बुडाशी त्रिकोणात ५ किंवा ६ आकडा असतो, तो उंचीचा गट. एका बाजूला एकाच गटाचे सिलिंडर वापरायचे. त्यांच्याखालचे गॅस्केटही तिन्हीकडे सारख्या जाडीचे. नव्या सिलिंडरांत हे सहज जमतं. खरी डोकेदुखी जुन्या हेडांची. एखाद्या मालकाच्या काळात एकच हेड खराब झालेलं असतं, कुणीतरी तेवढ्याचंच फेसिंग केलेलं असतं, आणि ते हेड आता शेजाऱ्यांपेक्षा थोडं खाली बसतं. म्हणून मशीन शॉपमध्ये हेड देताना तिन्हींचं फेसिंग सारख्याच मापाने करायला सांगा, आणि परत आल्यावर स्वतः मोजून घ्या. सरळ पट्टी आणि फीलर गेज एवढं पुरतं.

बांधणीचे दोन रस्ते आहेत. एकात तीनही हेड एकेक करून स्टडवर चढवतात, हेडचे नट हाताने टेकवून ठेवतात आणि वर हाउसिंग बसवतात. दुसऱ्यात हेड आणि हाउसिंग टेबलावरच जोडून तो सगळा संच १२ स्टडवर सरकवतात. मला दुसरा आवडतो, कारण त्यात हेडांना पहिल्यापासून हाउसिंगचंच ऐकावं लागतं. पण तो संच जड होतो, आणि सरकवताना सिलिंडरच्या माथ्यावरची सीलिंग रिंग जागेवरून हलू शकते. मदतीला माणूस नसेल तर पहिल्याच रस्त्याने जावं.

दोन्हींत नियम एकच. आधी हाउसिंगचे नट, मग हेडचे. स्टडच्या भोकांत जरा ढिलाई असते, तेवढ्यात हेड किंचित फिरू शकतं, सरकू शकतं. हेड आधी आवळलं तर ही मोकळीक संपते आणि मग वाकायला हाउसिंगच उरतं. हाउसिंगचे नट मधून बाहेर जात, टप्प्याटप्प्याने २५ न्यूटन-मीटरपर्यंत न्यायचे. त्यानंतर हेडचे नट, तेही मधल्या हेडपासून, थोडे-थोडे. जुन्या ९११ला इथे ३२ न्यूटन-मीटर लागतात. पुढच्या मॉडेलांत आधी कमी टॉर्क आणि मग ९० अंशांचा फेर असतो. आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा, शेजारच्या गॅरेजमधून नव्हे.

या सगळ्या वेळात कॅमशाफ्ट हाउसिंगमध्येच असला पाहिजे. प्रत्येक टप्प्यानंतर तो हाताने फिरवायचा. टॉर्क रेंचचा आवाज नट किती आवळला ते सांगतो, हाउसिंग वाकलं का ते सांगत नाही. ते कॅमच सांगतो. रॉकर आणि चेन अजून लावायची नाही. एक तर स्प्रिंगच्या जोरात ही बारीक अडखळ हाताला लागत नाही. दुसरं म्हणजे रॉकर नसताना सगळे व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे पिस्टन कुठेही असला तरी कॅम बिनधास्त फिरवता येतो. रॉकर लावून असं केलं, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकेल.

कॅम अडलाच, तर जोर करू नका. एका हेडचे चारही नट सैल करा आणि कॅम फिरवून पाहा. मोकळा झाला नाही तर ते नट परत आवळून पुढच्या हेडकडे जा. ज्या हेडचे नट सैल करताच कॅम सुटतो, ते हेड हाउसिंगला ओढतंय. बहुतेकदा तेवढेच नट छोट्या टप्प्यांत पुन्हा आवळले की भागतं. तरीही अडलं, तर सिलिंडरची उंची आणि हेडचं फेसिंग पुन्हा मोजायचं. कॅम घासून बसेल म्हणून इंजिन सुरू करणारेही असतात. तो घासून बसतो खरा, पण त्याची किंमत हाउसिंगच्या भोकांनी मोजलेली असते.

हे सगळं एकदा कोरडं, सीलंट न लावता करून पाहा, असा माझा आग्रह आहे. हेड आणि हाउसिंगमध्ये बहुधा लॉकटाइट ५७४सारखं सीलंट वापरतात. ते दोन धातूंच्या मध्ये, हवा न मिळाल्यावर घट्ट होतं. नट आवळले की घड्याळ सुरू. त्या वेळात पेचप्रसंग सोडवत बसायची वेळ येऊ नये. सीलंट छोट्या रोलरने पातळ पसरवावं, जाड थर देऊ नये. जास्तीचं आत जातं आणि तेलाच्या वाटा शोधतं.

आणखी एक, जे हमखास विसरलं जातं. प्रत्येक बाजूला हाउसिंगमधून क्रँककेसमध्ये तेल परत नेणाऱ्या दोन नळ्या असतात, दोन्ही टोकांना ओ-रिंग असलेल्या. त्या हाउसिंगबरोबरच जागेवर घालाव्या लागतात. विसरलात, तर एक तर हाउसिंग पुन्हा उतरवा, नाहीतर नंतर बसणाऱ्या दुर्बिणीसारख्या सरकत्या नळ्या घ्या. त्या चालतात, पण मूळ नळीइतका विश्वास मी त्यांच्यावर टाकत नाही.

जुन्या इंजिनात स्टड आधीच तुटलेला असण्याची शक्यताही लक्षात घ्या. खालच्या रांगेतले डिलाव्हार मिश्रधातूचे स्टड गंजून तुटतात, आणि व्हॉल्व्ह कव्हर काढलं की आत त्यांचा नट सुटा पडलेला मिळतो. असा एखादा दिसला, तर ते हेड काही काळ नीट दाबलेलं नव्हतं. अशा बाजूचं हाउसिंग सरळ पट्टीवर तपासल्याशिवाय परत वापरू नका.

कॅम मोकळा फिरतोय, सीलंट घट्ट होतंय. पुढच्या आठवड्यात चेनचे स्प्रॉकेट एका रेषेत आणू आणि मग टायमिंग. तोवर रॉकर डब्यातच राहू द्या.