निषादराजाचं नाटक आपण का करावं?



उत्सवाचं नाटक ठरवायला बसलो की दरवर्षी एकच रड. रामायण घेतलं तर नावाड्याला पाच मिनिटांचं काम. आला, पाय धुतले, लोक हसले, गेला. पोरं विचारतात, आपलं काम एवढंच का?

भोपाळचं उदाहरण बघा. मध्य प्रदेश सरकारच्या संस्कृती विभागानं 'वनवासी लीला' म्हणून नवी नाटकं तयार केली. एक 'भक्तिमती शबरी', दुसरं 'निषादराज गुह्य'. लेखन योगेश त्रिपाठी, संगीत मिलिंद त्रिवेदी. लेखन-संगीत तेच ठेवून वेगवेगळ्या मंडळ्या ठिकठिकाणी प्रयोग करतात. नाटकाचं नावच आपल्या धंद्यातल्या माणसावरून.

आता हा निषादराज कोण? गंगेकाठच्या शृंगवेरपूरचा राजा, रामाचा मित्र गुह. आपण त्याची आणि केवटाची गल्लत करतो. पाय धुणारा, सीतेची अंगठी भाडं म्हणून न घेणारा केवट तुलसीदासांच्या रामचरितमानसात आहे. वाल्मीकींनी वनवासाच्या वाटेवर तो प्रसंग दिलेला नाही. त्यांनी गुहाचा जो प्रसंग दिलाय, तो आपल्या नाटकात कधी येतच नाही.

राम नदीपार गेल्यावर मागून भरत सैन्य घेऊन येतो. हा रामाच्या वाईटावर तर नाही ना, अशी गुहाला शंका येते. तो हुकूम सोडतो : ५०० नावा, प्रत्येकीवर १०० जवान, सज्ज राहा. मग स्वतः भेट घेऊन भरताकडे जातो. भेट कसली? मासे, मांस आणि मध! मनातली शंका तो तोंडावर विचारतो. भरताचं मन साफ आहे याची खात्री पटली, तेव्हाच नावा आणून सगळं सैन्य पार करतो.

म्हणजे नदी त्याची, नावा त्याच्या आणि निर्णयही त्याचा. यात तांडेल, खलाशी, बायामाणसं, सगळ्यांना काम आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. ६१ दिवस होड्या किनाऱ्यावर, जाळी विणून झाली की संध्याकाळ मोकळी. तेव्हा तालीम करू, नारळी पुनवेला प्रयोग लावू. केवटाचे पाय धुणं ठेवाच, लोकांना ते आवडतं. पण ५०० नावांचा प्रसंग गाळू नका. पोरांना कळू दे, रामकथेत आपला माणूस राजा होता.

आपला,
सचिव