दिल्लीचं धोरण टिळकवाडीच्या वर्गात कसं पोचतं

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. बेळगावच्या मराठी घरांत त्यातल्या एका कलमाची चर्चा सगळ्यात जास्त झाली. शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमेल तर आठवीपर्यंत व त्यापुढेही, शिकवण्याचं माध्यम घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा असावी, असं ते कलम सांगतं. आता दिल्लीच म्हणते आहे तर मराठी शाळांना बळ येईल, अशी आशा अनेकांनी धरली. ‘मग अजून काही झालं कसं नाही?’ असं विचारणारे पालक शहरातल्या टिळकवाडी भागात आजही भेटतात. प्रश्न रास्त आहे. ते कलम वर्गापर्यंत कोणत्या वाटेने येतं, हे पाहिल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

मुळात धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरण पाळलं नाही म्हणून कुणी कोर्टात खेचला जात नाही. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आलं, म्हणून केंद्रालाही त्यावर कायदा करता येतो. पण शाळा चालवतं राज्य. शिक्षकांचे पगार, पाठ्यपुस्तकं, दहावीची परीक्षा, शाळेची मान्यता हे सगळं आपल्याकडे बंगळूरहून ठरतं. केंद्राच्या हातात मुख्यतः पैसा असतो. समग्र शिक्षा योजनेत कर्नाटकासारख्या राज्यासाठी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के भार उचलतं. धोरणातलं वाक्य आधी राज्याच्या आदेशात यावं लागतं, मग डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयातून कन्नड सुत्तोले म्हणजे परिपत्रक होऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडावं लागतं. निपाणीची वाट तर वेगळीच आहे. महसुली जिल्हा बेळगाव, पण शिक्षण खात्याच्या लेखी निपाणी येते चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात.

या वाटेवर धोरण किती वळणं घेतं ते गेल्या काही वर्षांत इथल्या मुलांनी अनुभवलं. २०२१ मध्ये नवं धोरण उच्च शिक्षणात लागू करणारं कर्नाटक हे पहिलं राज्य ठरलं आणि चार वर्षांच्या पदवीची रचना आली. २०२३ मध्ये सरकार बदललं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याच्या स्वतंत्र शिक्षण धोरणासाठी आयोग नेमला गेला, आणि त्याच्या अंतरिम अहवालावरून २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. म्हणजे एकाच कॉलेजात, एकाच मजल्यावर, धाकटी बहीण एका धोरणाखाली शिकत होती आणि थोरली दुसऱ्या. शाळेतही तेच. पहिलीच्या प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत हा नियम आधी जाहीर झाला, मग पुढे ढकलला, २०२५-२६ ला आला आणि त्याच एका वर्षापुरती पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत द्यावी लागली. नर्सरीत घालताना जुना नियम डोळ्यांसमोर ठेवलेल्या आईबापांचा त्या दरम्यान जीव टांगणीला लागला होता.

धोरणाचं असं होतं हे आपल्याच भागातल्या एका माणसाने फार आधी ओळखलं होतं. जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. तरुणपणी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरीत त्यांनी ग्रामसुधारणेचं काम केलं, पुढे गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. १९६८ चं पहिलं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण या आयोगातूनच आलं. आयोगाच्या शिफारशींपैकी काय अमलात आलं आणि काय कागदावर राहिलं, याचा हिशेब मांडणारं पुस्तकही नाईकांनी लिहिलं. धोरण लिहिणाऱ्यानेच असा हिशेब मांडणं आपल्या देशात विरळ. बेळगावात त्यांची आठवण जितकी निघायला हवी तितकी निघत नाही, याची मला खंत वाटते.

आता मातृभाषेकडे वळू. मराठी मुलाला मराठीतून शिकण्याची सोय मिळावी याचा खरा आधार २०२० च्या धोरणात नाही, तो त्याहून जुना आणि भक्कम आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवलं की शाळेत एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारी ४० मुलं असतील, किंवा एका वर्गात १० असतील, तर त्या भाषेतून शिकवणारा किमान एक शिक्षक द्यावा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा, असं ते सांगतं. ‘प्रयत्न करावा’ एवढीच त्याची भाषा. पण राष्ट्रपतींना राज्याला निर्देश देण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे, आणि ३५०-ब नुसार या सगळ्यावर लक्ष ठेवायला भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नेमले जातात. त्यांचं प्रादेशिक कार्यालय कितीतरी वर्षं बेळगावातच होतं.

मग मातृभाषेतून शिकणं सक्तीचं करता येईल का? कर्नाटकाने तसा प्रयत्न केला. २९ एप्रिल १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीचं माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावं असं ठरवलं. खासगी इंग्रजी शाळांच्या चालकांनी त्याला आव्हान दिलं, आणि वीस वर्षांनी, ६ मे २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, आणि माध्यमाची सक्ती राज्याला करता येणार नाही. ३५०-अ हे राज्यावर सोय करून देण्याची जबाबदारी टाकतं, सक्तीचा अधिकार देत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. हा निकाल टिळकवाडीच्या दृष्टीने दुधारी आहे. मराठी मुलावर माध्यम म्हणून कन्नड लादता येणार नाही, तसंच मराठी पालकाला मुलाला मराठी शाळेत घाल असंही कुणी सांगू शकत नाही. धोरणातल्या ‘शक्य असेल तिथे’ या शब्दांमागे हा सगळा इतिहास आहे. त्या कलमातून सक्ती निघेल अशी आशा धरणाऱ्यांनी २०१४ चा निकाल आधी वाचावा.

माध्यम एक आणि विषय म्हणून शिकायच्या भाषा वेगळ्या, ही गल्लत मात्र नेहमी होते. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने राज्यातल्या शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. मराठी माध्यमाचं मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकतं. राष्ट्रीय धोरणातलं त्रिभाषा सूत्र म्हणतं की तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात. टिळकवाडीचं मूल हे सूत्र धोरण येण्याच्या कितीतरी आधीपासून पाळत आलं आहे. महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे आदेश निघाले, वादळ उठलं आणि २९ जूनला ते मागे घ्यावे लागले. इथे तिसऱ्या भाषेची जागा आधीच भरलेली.

त्या मुलाची वही एकदा उघडून पाहावी. मराठी दुरेघीत, अक्षरं शिरोरेघेला टांगलेली. इंग्रजी चाररेघीत, रेघेच्या वर आणि खाली जाणारी. कन्नडला शिरोरेघ नाही, गोलसर अक्षरांच्या माथ्यावर तलकट्टू, आणि जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लटकतं. सात-आठ वर्षांचं मूल एका दिवसात तीन वेळा हात बदलतं. नीट शिकवलं तर मुलं हे आनंदाने करतात आणि तीन भाषांत लिहू-वाचू लागतात. ही फार मोठी कमाई आहे. पण नीट शिकवायला माणूस हवा, आणि धोरणाची गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते.

सरकारी प्राथमिक शाळेत किती शिक्षक मिळणार हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टावरून ठरतं. पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. पट घसरला की जागा अतिरिक्त ठरते आणि शिक्षकाची बदली होते. आता ३५ मुलांची मराठी शाळा डोळ्यांसमोर आणा. दोन शिक्षक, पाच वर्ग. एका खोलीत पहिली, दुसरी, तिसरी एकत्र. पहिलीला मुळाक्षरं गिरवायला द्यायची, तोवर दुसरीची बेरीज तपासायची, तिसरीला परिसर अभ्यासाचा धडा वाचायला सांगायचा. त्यातच कन्नडची तासिका. जो शिक्षक मराठीतून गणित उत्तम शिकवतो त्याची कन्नड तितकी पक्की असेलच असं नाही. त्यात एखादी जागा रिकामी राहिली तर अतिथी शिक्षकावर वर्ष निघतं. पालक हे बघतात आणि पुढच्या जूनला मूल दुसरीकडे घालतात. पट आणखी घसरतो. मातृभाषेचं कलम कितीही सुंदर असलं तरी या परिशिष्टातला आकडा त्याच्यावर मात करतो, असं माझं ठाम मत आहे.

अनुदानित शाळांचं गणित थोडं निराळं. टिळकवाडीतल्या ठळकवाडी हायस्कूलसारख्या जुन्या शाळा संस्थांनी उभ्या केल्या. अशा अनुदानित शाळांत पगार सरकार देतं, म्हणून रिकामी जागा भरायलाही सरकारची परवानगी लागते. दोन्हीकडे प्रश्न शेवटी पैशाचाच. १९८६ च्या धोरणातून आलेली खडू-फळा मोहीम लक्षात राहिली, कारण तिच्यासोबत दुसरी खोली आणि दुसरा शिक्षक यांसाठी पैसे आले होते. २०२० च्या मातृभाषेच्या कलमासोबत मराठी शिक्षकाची एकही जागा बांधलेली नाही.

पुस्तकांची वाट लांबची आहे. कर्नाटकाची पाठ्यपुस्तक संस्था मराठी, उर्दू, तमिळ, तेलुगू अशा माध्यमांसाठीही पुस्तकं काढते, पण विषयांची पुस्तकं बहुतेक भाषांतरित असतात. वर मजकूर बदलला की भाषांतराला पुन्हा हात घालावा लागतो. सरकार बदलताच पुस्तकं बदलायची हा पायंडा म्हणूनच छोट्या माध्यमांना जास्त जाचतो.

थोरात आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात मातृभाषा किंवा कन्नड आणि तिच्यासोबत इंग्रजी अशी द्विभाषा रचना, आणि सर्व मंडळांच्या शाळांत किमान पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषेचं माध्यम सुचवलं आहे. दुसऱ्या शिफारशीसमोर २०१४ चा निकाल उभा आहे. पहिली शिफारस मराठी मुलाला मराठी आणि इंग्रजी एवढ्यावर थांबवते असं वाचता येईल, पण विधिमंडळाने २०१५ चा कायदा बदलल्याशिवाय कन्नड सुटत नाही. माझ्या मते ती सुटूही नये. या मुलांना इथेच राहायचं आहे, नोकरी शोधायची आहे. अहवाल म्हणजे शिफारस. मंत्रिमंडळाचा निर्णय आणि त्यानंतरचा आदेश आल्याशिवाय वर्गात काहीच बदलत नाही.

मधल्या काळात पालकाच्या हातात काय आहे? सरकारी शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीत, तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या बैठकीत विचारायचे प्रश्न साधे आहेत: मराठी माध्यमाच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कन्नड कोण शिकवतं, पुस्तकं कोणत्या तारखेला आली. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. वर्गात दहा मराठी मुलं असूनही मराठी शिक्षक नसेल तर बीईओंकडे लेखी अर्ज करावा, सोबत इयत्तावार पट जोडावा आणि पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही तर त्याच अर्जाची प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवता येते. अर्जात १९४९ च्या ठरावाचा आणि कलम ३५०-अ चा उल्लेख असावा. २०२० च्या धोरणाचा केला तरी चालेल, पण तो शेवटी.