तडा दिसत नाही, तेव्हा

400 केव्हीच्या मनोऱ्यावर तारेला पेलणाऱ्या माळेत चिनी मातीच्या साधारण 23 चकत्या असतात. विजेचा ताण मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. तारेलगतच्या चकत्यांच्या वाट्याला तो सर्वांत जास्त येतो.

चिनी माती सहसा कुजत नाही. बिघडते ते तिच्या टोपीतले सिमेंट. वर्षानुवर्षे ओल शोषून ते किंचित फुगते आणि टोपीच्या आत, नजरेआड, बारीक तडा जातो. काचेच्या चकतीचे बरे: ती बिघडली की फुटून विखुरते, मग खालून लाइनमनला नुसत्या दुर्बिणीतूनही कळते.

चिनी मातीसाठी उपकरणेच हवीत. अवरक्त कॅमेरा उष्णता टिपतो, पण इथे एक गंमत आहे. अर्धवट बिघडलेली चकती शेजारणींपेक्षा गरम दिसते, तर पूर्ण निकामी झालेली थंड, कारण तिच्यावर ताणच उरलेला नसतो. फरक अनेकदा एखाद्या अंशाचा. म्हणून ही तपासणी रात्री किंवा ढगाळ हवेत केलेली बरी.

अतिनील कॅमेऱ्याचे तसे नाही, तो भर दुपारीही चालतो. 280 नॅनोमीटरखालचे सूर्यकिरण ओझोनचा थर वरच अडवतो; त्यामुळे त्या पट्ट्यात दिसणारा ठिपका बहुधा कोरोनाचा, म्हणजे चकतीभोवतीच्या हवेतल्या विद्युत गळतीचा असतो. तरी तो पृष्ठभागावरची गळतीच दाखवतो. टोपीतला तडा त्याला दिसेलच असे नाही.

सिलिकॉनच्या इन्सुलेटरवर पाणी फवारून पाहतात. थेंब गोल राहिले तर ठीक. पसरले, तर किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत किंवा उत्तरेच्या धुक्यात ठिणगी उडण्याची भीती.