पांढरी अक्षरे गुलाबी का झाली?

पुणतांबा हे राहाता तालुक्यातील गोदावरीकाठचे गाव. चांगदेवांच्या समाधीमुळे आणि २०१७ च्या शेतकरी संपामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. त्या परिसरातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही गेलो असता क्रीडाशिक्षकांनी आमच्यापुढे एक टी-शर्ट ठेवला. मुलींच्या खो-खो संघासाठी पालकांकडून वर्गणी काढून त्यांनी मरून रंगाचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट घेतले होते आणि त्यांवर शाळेचे नाव पांढऱ्या अक्षरांत छापून घेतले होते. हाती आले तेव्हा अक्षरे पांढरीशुभ्र होती. पंधरा दिवसांत ती गुलाबी झाली. छापणाऱ्याने सांगितले, धुताना रंग उतरला असेल. पण शिक्षक म्हणाले, "सर, यातले दोन टी-शर्ट आम्ही पिशवीतून काढलेही नव्हते. पाणी लागलेच नाही, तर रंग उतरला कसा?"

त्यांची शंका रास्त होती. तिचे उत्तर शोधता शोधता टी-शर्टसाठी छपाईची कोणती पद्धत कधी निवडावी, हेही उलगडते.

दोन तंतू, दोन स्वभाव

सुती कापड म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात. म्हणूनच कोरडा वाटणारा कापूसही हवेतील सुमारे ८ टक्के ओलावा धरून असतो. सुती कापड रंगवण्यासाठी आज सर्रास वापरली जाणारी क्रियाशील रंजके सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडली जातात. एकदा जोडली की सहसा सुटत नाहीत.

पॉलिएस्टरचे तसे नाही. विनफिल्ड आणि डिक्सन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये शोधलेल्या या तंतूत बहुवारिकाच्या साखळ्या दाटीने बसलेल्या असतात. तो अर्धा टक्काही ओलावा धरत नाही. त्यात रंग शिरवायचा तर पाणी दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. उष्णतेने साखळ्या सैल होतात, डिस्पर्स नावाच्या रंजकाचे लहान रेणू आत शिरतात आणि तंतू थंड झाल्यावर तेथेच अडकतात. ते रासायनिक बंधाने बांधलेले नसतात, फक्त कोंडलेले असतात. पुन्हा पुरेशी उष्णता मिळाली की दार उघडते.

येथेच आपल्या कोड्याची उकल आहे. अक्षरे बहुधा प्लास्टिसॉल शाईने छापली होती. या शाईत पीव्हीसीचे बारीक कण एका तेलकट द्रवात कालवलेले असतात आणि ती पक्की होण्यासाठी सुमारे १६० अंश तापमान लागते. तेवढ्या तापमानाला मरून रंजकाचे रेणू मोकळे झाले. कापूर द्रवरूप न होता हवेत जातो, तसे त्यांचे संप्लवन झाले आणि ते वरच्या पांढऱ्या थरात शिरले. शाईतील तेलकट द्रव या रंजकाचा चांगला द्रावक असल्याने पुढेही काही दिवस ते हळूहळू पसरत राहिले. पाण्याचा यात काहीच संबंध नव्हता.

पद्धती कोणत्या?

स्क्रीन छपाईत चौकटीवर ताणलेल्या जाळीवर प्रकाशसंवेदी लेप देतात. नक्षीचा भाग झाकून प्रकाश दिला की उरलेला लेप कडक होतो. झाकलेला भाग पाण्याने धुतला जातो आणि तेथून शाई खाली उतरते. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. सुती कापडावर ही छपाई उत्तम बसते. पाण्यावर आधारित शाई वापरली तर हाताला मऊ लागते, मात्र गडद कापडावर ती उठून दिसत नाही. तेथे दाट पांढरी शाई लागते.

सब्लिमेशन छपाईत आपण वर पाहिलेला दोषच कामी आणला आहे. डिस्पर्स रंजकाने कागदावर चित्र छापतात आणि तो कागद कापडावर ठेवून सुमारे २०० अंशांना मिनिटभर दाबतात. रंजक वायुरूपाने तंतूत शिरते. कापडावर थर बसत नाही, त्यामुळे सोलून निघण्याचा प्रश्नच येत नाही. अट एवढीच की कापड पॉलिएस्टरचे आणि पांढरे किंवा फिके हवे. सुती कापडात हा रंग टिकत नाही, आणि यात पांढरी शाई नसते.

डीटीएफ पद्धतीत चित्र फिल्मवर छापून त्यावर उष्णतेने वितळणारी गोंदाची पूड टाकतात आणि गरम दाबाने ते कापडावर चिकटवतात. सुती, पॉलिएस्टर, गडद, फिके असे कोणतेही कापड चालते. पण वर थर राहतो, तेथून घाम सुकत नाही, आणि गडद पॉलिएस्टरवर रंग वर चढण्याचा धोका येथेही असतो. खेळाडूंची नावे आणि क्रमांक यांसाठी व्हिनाइल कापून चिकटवण्याची पद्धतही आहे.

निवड कशी करावी?

पहिला प्रश्न कापडाचा. सुती असेल तर स्क्रीन किंवा डीटीएफ, पांढरे पॉलिएस्टर असेल तर सब्लिमेशन.

दुसरा प्रश्न नगांचा आणि रंगांचा. समजा, एका जाळीला ४०० रुपये पडतात आणि चित्रात ४ रंग आहेत. म्हणजे छपाई सुरू होण्याआधीच १६०० रुपये खर्च झाले. टी-शर्ट २० असतील तर प्रत्येकी ८० रुपयांचा बोजा, ४०० असतील तर फक्त ४ रुपयांचा. म्हणून संमेलनाच्या शेकडो टी-शर्टना स्क्रीन परवडते. थोड्या नगांना, बहुरंगी चित्राला किंवा छायाचित्राला डीटीएफ वा सब्लिमेशन बरे.

तिसरा प्रश्न वापराचा. उन्हात धावणाऱ्या मुलांच्या पाठीवर मोठा जाड थर नको.

वर्गात करून पाहा

१. टी-शर्टच्या आतल्या शिवणीतून एक धागा काढा. शिक्षकांनी तो चिमट्यात धरून पाण्याच्या बशीवर जाळावा. सुती धागा जळत्या कागदासारखा वास देतो आणि मऊ राख ठेवतो. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि कडक काळा मणी बनतो. दोन्ही लक्षणे दिसली तर कापड मिश्र आहे.

२. गडद पॉलिएस्टरच्या तुकड्यावर पांढऱ्या पॉलिएस्टरचा तुकडा ठेवा, वर कागद घालून गरम इस्त्री ३० सेकंद दाबून धरा. पांढरा तुकडा डागाळला तर त्या कापडाची अक्षरेही डागाळतील. प्रयोगशाळेत हीच चाचणी १५०, १८० आणि २१० अंशांना घेतात.

३. सगळी मागणी देण्याआधी एक नमुना छापून घ्या. तो महिनाभर ठेवा, मधून मधून धुवा आणि मगच बाकीचे छापायला सांगा.

त्या शिक्षकांना आम्ही दोन मार्ग सुचवले. मरून रंगच हवा आणि कापड सुती चालत असेल, तर स्क्रीन छपाई करावी. पॉलिएस्टरच हवे असेल, तर पांढरे कापड घेऊन सब्लिमेशनने सगळीकडे मरून रंग छापावा आणि अक्षरांची जागा कोरी सोडावी. मग ती अक्षरे म्हणजे मुळातले पांढरे कापडच असेल. इस्त्री करताना मात्र ती गरम ठेवू नये आणि टी-शर्टची घडी घालून तर मुळीच फिरवू नये. का, ते विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.